देव्हाऱ्यातली थोरली

माझ्या बायकोचं, सगुणाचं, वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं म्हणून रतनवहिनींनी देव उजळायला काढले, आणि तेव्हा कळलं की थोरली देव्हाऱ्यात नाही.

मी खळ्यावर भात वारवत होतो. वहिनी आल्या त्या पळत आल्या नाहीत, नेहमीसारख्या चालत आल्या, म्हणून मला काही वाटलं नाही. त्यांचे हात चिंचेच्या कोळानं भरलेले होते.

"भाऊजी, थोरली न्हाई," त्या म्हणाल्या.

"कुठं न्हाई?"

"देवात न्हाई. फडकं झटकलं, अक्षता चाळल्या, उंदराच्या बिळात हात घातला. त्यास्नी अजून सांगितलं न्हाई म्या."

त्यास्नी म्हणजे दादाला, त्यांच्या नवऱ्याला. मी सूप खाली ठेवलं.

रखमाजीदादा माझा सावत्र भाऊ. त्याची आई बाळाबाई तो रांगत असताना गेली. मग आमच्या वडिलांनी, आबांनी, माझ्या आईशी लग्न केलं. पहिली गेली तर तिच्या नावाचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. टाक म्हणजे तोंडाचा ठसा असलेला लहानसा पत्रा. घास घ्यायच्या आधी त्याला हात जोडायचे, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, मग आपण नेसायचं. असं केलं नाही तर सवत घरात फिरते, नव्या बाईला सुखानं राहू देत नाही, असं सगळे मानतात. आमच्या पाली गावात असे टाक पुष्कळ बायकांच्या गळ्यात आहेत, पण ते चांदीचे. आबांनी मात्र पहिलीचा टाक सोन्याचा करून आणला. भोरच्या सोनारानं तो पाडला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरात त्याला टाक कुणी म्हणत नसे. थोरली म्हणत. आबा वारले तेव्हा आईनं बाकीच्या दागिन्यांबरोबर थोरलीही उतरवली आणि ती देव्हाऱ्यात बसली.

थोरलीचं तोंड एका बाजूनं दिसायचं. नाक सरळ. केसांच्या वेण्या घालून त्या डोक्यावर गुंडाळलेल्या. नाकात नथ नाही, कपाळाला कुंकू नाही. सवाष्ण गेलेल्या बाईचा टाक असा कसा, हे वहिनींनी लग्न होऊन आल्यावर एकदा विचारलं होतं आणि आबा त्यांच्यावर रागावले होते. मग वहिनीच दर मंगळवारी तिला कुंकू लावू लागल्या. मागच्या बाजूला एक बाई उभी होती, तिच्या हातात पोत होता, गोंधळात देवीपुढं पेटवतात तसा. कडेनं अक्षरं होती. ती आमच्यापैकी कुणाला वाचता येत नव्हती. आबांनाही येत नव्हती.

दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. रोज आंघोळ झाली की तो देव्हाऱ्यापुढं बसतो, थोरली हातात घेतो आणि अंगठ्यानं तिचं तोंड चाचपतो. तेवढं झालं की उठतो. आपल्या आईचं दुसरं काही त्याच्यापाशी नाही.

त्याला सांगावं लागलंच. त्यानं आधी स्वतः देव्हारा चाचपला. एकेक टाक उचलून पाहिला. खंडोबा, भवानी, आजोबा. मग तो भिंतीला टेकून बसला आणि घरात कोण कोण येऊन गेलं ते विचारू लागला. कुणीच आलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ सावळाराम श्राद्धाचं सामान आणायला पहाटे भोरला गेला होता. लढाईमुळं रॉकेल आणि साखर मिळत नव्हती, म्हणून तो लवकर निघाला, असं मी सांगितलं. आई दाराशी वाल सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

दादाला ते दिसलं नसेल, पण शेंगा मोडल्याचा आवाज त्याला येत होता.

"धाकल्या आई," तो म्हणाला, "तुला काईच वाटंना का?"

आई म्हणाली, "काय वाटायचं. सापडंल."

"तुला ती नकोच व्हती. जलमभर गळ्यात वागवली, पर नको व्हती. आता गेली तर तुजं वझं उतरलं."

मी दादाला गप्प बस म्हणालो. वहिनी नवऱ्यापुढं कधी बोलत नाहीत, पण त्याही पुढं झाल्या. आत्याबाईंना असं बोलू नका, त्या म्हणाल्या; आईला त्या आत्याबाई म्हणत. पहिल्यापासून थोरलीबद्दल दादाइतक्याच त्या हळव्या, पण त्या दिवशी त्या आईच्या शेजारी जाऊन बसल्या आणि वाल सोलू लागल्या. थोरली सापडेपर्यंत मी जेवणार नाही आणि ती नसेल तर या घरात श्राद्ध कसलं, असं म्हणून दादा पडवीत जाऊन पडला.

आईनं गप्प राहणं मला बरोबर वाटलं नाही. ती कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही.

दुपारनंतर मी मार्गासनीच्या रस्त्यानं सावळारामला गाठायला निघालो. घरात बसवत नव्हतं. तो नदीच्या उतारापाशी भेटला. पोतं डोक्यावर होतं. मला बघितल्यावर त्यानं पोतं खाली उतरवलं, आणि न विचारताच म्हणाला, "नाना, म्या नेली."

मग त्यानं सगळं सांगितलं. माझ्यासाठी किकवीचं एक स्थळ आलं होतं, त्याचं तोच बघत होता. सगुणा गेल्यापासून माझी धाकटी पोर वहिनींच्या अंगावर पडली होती आणि वहिनींचं आता वय झालं होतं, हे काही खोटं नव्हतं. किकवीकर तयार होते, पण त्यांची एकच अट होती. सगुणाचा टाक, तोही थोरलीसारखा सोन्याचा, आधी तयार पाहिजे, मग मुलगी मांडवात येईल. सगुणाच्या अंगावरचं सोनं तिच्या आजारपणात गेलं होतं. सावळारामनं विचार केला, दोन्ही गेलेल्या बायकाच. थोरली आटवून तिच्यातून दोन पातळ टाक काढावेत, एक थोरलीचा, एक सगुणाचा. दादाला दिसत नाही. वजनातला फरक कळला तर झिजली म्हणून सांगता येईल.

"त्येच्या अंगठ्याला कळलं नसतं व्हय रं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तुज्यासाटी केलं, नाना. तू जेवताना बी बोलत न्हाईस."

वहिनींनी त्याला पहाटे देव्हाऱ्यात हात घालताना बघितलं होतं. अंगारा घेत असेल असं त्यांना वाटलं, आणि टाक गेल्याचं कळल्यावर काय ते लक्षात आलं. तरी त्या बोलल्या नाहीत. सावळाराम माझ्या लग्नासाठीच काही करत असणार हे त्यांनी ओळखलं, आणि घरात बाई यावी असं त्यांनाही वाटत होतं. हे त्यांनी मला पुढं सांगितलं. म्हणूनच दादा आईला बोलू लागला तेव्हा त्या आईच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या.

पण थोरली आटली नव्हती. सोनारानं ती मुशीत टाकली नाही. अक्षरं बघून तो घाबरला. उद्या फौजदारानं विचारलं तर मी काय सांगू, म्हणाला, आणि सावळारामला घेऊन दीनानाथ वकिलांकडं गेला. वकिलांना जुनी नाणी जमवायचा नाद आहे. त्यांनी थोरली भिंगाखाली धरली, एक जाडजूड पुस्तक काढलं आणि चित्रं ताडून पाहिली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ही तुमची बाई न्हवं. ह्यो टाकच न्हाई. नाणं हाय. रोम म्हणून शहर हाय समुद्रापल्याड, तितलं. लई जुनं. घरच्या मोठ्या माणसाला घिऊन या, म्हणाले, तवर माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

आम्ही पोतं मधे ठेवून तिथंच बसलो. घरी काय सांगायचं ते ठरवलं. थोरलीची कडी झिजली होती, श्राद्धाला नीट असावी म्हणून सावळारामनं ती सोनाराला दाखवली, आणि सोनारानं अक्षरं वाचून घ्यायला वकिलांकडं ठेवली, एवढंच. मोठं माणूस म्हणून मी जाणार होतो.

दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्या म्या बी येतो."

पायी लांब पडेल, मोटारीत गर्दी असते, डोळ्यांचं काय, सगळं सांगून झालं. त्यानं सावळारामला दोन शिव्या दिल्या, भाकरी मागून घेतली आणि झोपला. सकाळी निघताना आईला "येतो" एवढंच म्हणाला. तिनं हूं केलं.

नसरापूरपर्यंत चालत आणि पुढं मोटारीनं, दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून होता. वाटेत तो चांगला बोलत होता. ती अक्षरं काय आहेत ते आबांना विचारायचं राहूनच गेलं, म्हणाला. मी हो हो करत होतो. वकिलांना एकट्यानं आधी गाठून काही सांगता येईल का, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. भोरात उतरल्यावर दादाला चहा पाजावा आणि सावळारामनं त्याला गुंतवावं, असं आम्ही ठरवलं होतं. दादा चहा नको म्हणाला.

वकील ओसरीतच होते. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला. त्यांनी आतून पेटी आणली, थोरली कागदावर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली.

"या, बसा. तुमच्याकडे ही जी वस्तू आहे ना, ती—"

"माजी आई हाय ती," दादा म्हणाला.

वकील थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दादाच्या मागं उभा होतो. मी हात जोडले.

दादानं हात पुढं केला. वकिलांनी थोरली त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं अंगठा फिरवला आणि मग तिला कपाळाला लावलं. वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अक्षरं हायेत म्हनं," दादा म्हणाला. "काय हायेत ती? वाचून दावा आमाला."

"अक्षरं आहेत," वकील म्हणाले. त्यांनी थोरली परत घेतली आणि भिंग धरलं. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. ते आदल्या दिवशीच वाचून झालेलं होतं, हे मला आणि सावळारामला ठाऊक होतं. "इथून सुरुवात होते. पहिला शब्द आहे दिवा."

"दिवा?" दादा हसला. "बरूबर. मागल्या बाजूला पोत हाय की तिच्या हातात."

"नाही, म्हणजे, हा त्यांच्या भाषेतला दिवा. त्याचा अर्थ देवी. बाई मेल्यावर देवी झाली, असा."

"देवी झाली," दादा म्हणाला. "आन कुनी लिवलं हे?"

"नवऱ्यानं. बायको गेल्यावर नवऱ्यानं तिच्या नावानं हे पाडून घेतलं."

दादानं मान हलवली. "आबांनी. तेच सांगत व्हते ते. पर ही गोऱ्या सायबाची अक्षरं कशी म्हनं?"

मला वाटलं आता संपलं. पण वकिलांनी उत्तर द्यायच्या आतच दादानं ते स्वतः शोधलं. "रुपयावर नसत्यात का राणीच्या डोक्याभवती? सोनाराकडं तसलाच छाप आसंल."

वकिलांनी भिंग पुढच्या अक्षरांवर सरकवलं.

"मंग म्होरं काय हाय?"

"पुढं तिचं नाव आहे."

सावळाराम जमिनीकडं बघत होता. दादानं नाव काय ते विचारलंच नाही.

"बाळाबाई," तो स्वतःच म्हणाला.

वकिलांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी थोरली फडक्यात बांधून दादाच्या हातात दिली आणि आत सरबत करायला सांगितलं.

सरबत झाल्यावर सावळाराम दादाला धरून पायऱ्या उतरला, तेव्हा वकिलांनी मला मागं ठेवून घेतलं. ते हळू बोलत होते. तिचं नाव फौस्तीना. रोमच्या बादशहाची बायको. ती गेली त्याला अठराशे वर्षं झाली. तिच्यामागं बादशहानं तिच्या नावाचं देऊळ बांधलं आणि सोन्याची, चांदीची नाणी पाडली. त्यांतलं हे एक. व्यापाराबरोबर अशी नाणी इकडं येत आणि लोक ती भोकं पाडून गळ्यात घालत.

"मी त्यांना खोटं एक अक्षर सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "पण खरंही सांगितलं नाही, आणि ते मला बरं वाटत नाही. ते काम तुमचं आहे. आणि हे घरात आलं कुठून ते शोधा. जमिनीत सापडलं असेल तर संस्थानच्या दरबारला कळवावं लागतं. मी आपण होऊन बोलणार नाही. पण सोनार बोलला आणि मला विचारलं, तर तिथं मी गप्प बसणार नाही."

मी बरं म्हणालो. परत येताना माझ्या मनात ती राणी नव्हती, तिचा नवरा होता. त्याच्याकडं माणसं होती, त्यांनी तिच्या वेणीचा पेडन् पेड काढला. सगुणाचा फोटो नाही. सोनारानं मला विचारलं असतं, बाई दिसायला कशी होती, तर मी काय सांगितलं असतं? पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. याच्यापुढं मला सांगता येत नाही.

घरी आल्यावर दादा सरळ आईपाशी गेला. फडकं तिच्या हातात दिलं. "धाकल्या आई, तूच घाल देवात," म्हणाला. माफी त्यानं मागितली नाही, पण जेवायला तिच्याशेजारी बसला आणि वकिलांनी काय वाचलं ते पहिल्यापासून सगळ्यांना सांगितलं. देवी झाली, असं लिहिलंय. आबांनी लिहवून घेतलंय. आई ऐकत होती. तिनं भाकरीवर कोरड्यास वाढलं आणि माझ्याकडं एकदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती परड्यात शेण थापत होती, तिथं मी तिला गाठलं.

"आई, थोरली कुनाची हाय?"

"कुनाची म्हंजी?"

"वकिलानं मला सांगितलंय. आता तू सांग."

तिनं हातातली गवरी थापून पुरी केली. "खालच्या खाचराचा बांध फुटला व्हता. तो घालताना तुज्या आबाला घावली. येकलीच. भोकं तवाच व्हती तिला. कडी तेवडी सोनारानं घातली. जमिनीतलं सोनं सरकार नेतं, म्हनून त्यांनी सगळ्यास्नी सांगितलं, बाळाबाईचा टाक केला. टाक तर करायचाच व्हता. येका दगडात दोन्ही कामं झाली."

"तुला ठाव व्हतं?"

"गळ्यात मला घालायची व्हती, मला न्हाई ठाव? म्या तर हसले. म्हनलं, ही कोन बया, ना नाकात नथ, ना कपाळाला कुकू, आन मी हिच्या पाया पडू?" आईनं हात पाण्यात बुडवले. "मंग रखमा माज्या मांडीवर आला. त्यो तवा नुसता रडायचा. कुनाकडं जायचा न्हाई. येक दिस त्येनं ती मुठीत धरली. आबा म्हनले, ती बघ तुजी आई. तवापासनं माज्याजवळ ऱ्हाया लागला. तिला धरून झोपायचा. आता म्या काय करू, त्येच्या हातातनं काढून घिऊ, का सांगू की ही तुजी आई न्हवं?"

"मग परवा त्यो तुला एवढं बोलला, तवा तरी—"

"तवा कशी सांगू? राग आला म्हनून सांगायची गोष्ट हाय का ती?"

"आन आता?"

"माज्यानं न्हाई व्हायचं, आनंदा. बाळाबाईला म्या बी कुठं बघितलंय? म्या जलमभर जिला हात जोडले, ती बाळाबाईच. तुला सांगायचं आसंल तर तू सांग. पर त्येला जपून सांग." एवढं बोलून तिनं पुढचा शेणाचा गोळा उचलला.

वर्षश्राद्ध झालं. किकवीहून त्या स्थळाच्या मुलीचा मामा आला होता, पोटभर जेवला. पानं उठल्यावर दादानं सगळ्यांना थांबवून घेतलं. वहिनींनी त्याला रात्री किकवीकरांची अट सांगितली होती. सावळारामनं थोरली कशासाठी नेली होती, ते मात्र सांगितलं नव्हतं. दादा थोरली हातात घेऊन बसला होता.

"सगुनाचा टाक आपन करू," तो मामांना म्हणाला. "सोनं म्या बघतो, माजी कानातली भिकबाळी हाय. पर टाक आसाच पायजे. आमच्या आबांनी जसा माज्या आईचा केला, तसाच. ही अक्षरं बी सगळी घालायची, येक बी गाळायचं न्हाई. देवी झाली, आसं लिवून. सोनाराम्होरं ही ठिवायची आन म्हनायचं, हिच्यावरनं पाड."

मामा म्हणाले, एवढं कोण करतं आजकाल, भाग्याची पोर आमची. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. सावळाराम उठून बाहेर गेला. आई माझ्याकडं बघत होती. त्या अक्षरांत दुसऱ्या बाईचं नाव आहे, हे तिथं आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि सगुणाच्या टाकावर ते जाणार होतं, आणि नवी मुलगी ते गळ्यात घालून रोज हात जोडणार होती.

"काय आनंदा?" दादा म्हणाला.

"बघू," मी म्हणालो.

त्याला ते बरं वाटलं नाही. आपण भिकबाळी काढून देतो आणि हा बघू म्हणतो. त्यानं मामांसमोर काही दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी वहिनींजवळ बोलला, की आनंदाला माझ्या आईसारखा टाक आपल्या बायकोला द्यायचा नाही, सावत्र ते सावत्र. वहिनींनी हे मला सांगितलं आणि विचारलं, भाऊजी, तुमच्या मनात आहे तरी काय? मी सूप घेऊन खळ्यावर गेलो.

आता भात घरात आलं आहे. किकवीला होकार गेलेला नाही, नकारही गेलेला नाही. सोनार अजून कुठं बोलल्याचं ऐकलं नाही. दादा सकाळी थोरली हातात घेतो आणि ठेवताना मला विचारतो, भोरला कधी जायचं. मी काही तरी काम सांगतो. आज नाचणी झोडायची आहे असं सांगितलं. ती कधीच झोडून झाली आहे, आणि हे त्याला घरात बसूनही कळतं. त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.